पडद्यावर माझा हात

"माठाला हात लावलास होय? आता फोडावा लागेल तो."

आमचे हेड सर हे मराठीत म्हणाले. हसत, हळू आवाजात. हॉलमध्ये अंधार, समोर कॉलेजची दीड-दोनशे मुलं. जवळजवळ सगळी गुजराती. त्यांना वाटलं, सर मला काहीतरी सुचवतायत. कळलं फक्त मला.

मी फिजिक्सची नवी डेमॉन्स्ट्रेटर. प्रकाश लाटेसारखा वागतो हे एवढ्या मुलांना एकदम दाखवायचं, म्हणून ओव्हरहेड प्रोजेक्टरवर काचेचा ट्रे ठेवून त्यात पाणी भरलं होतं. पाण्यावरच्या लाटा पडद्यावर मोठ्या होऊन दिसतात. नळ कोरडा होता. स्टाफरूमच्या माठातून तांब्याभर घेतलं. एवढंच.

बाकीच्या स्टाफला माझं आडनाव नुसतं महाराष्ट्राचं वाटायचं. सर आमच्याकडचेच. त्यांनी आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला ते. त्यानंतर माझ्या डब्यातली भाजी घेणं त्यांनी थांबवलं. मी डिंडोलीला घरी आले, आईला सांगितलं. ती म्हणाली, "चूप राय बाई. आधी नोकरी पक्की होऊ दे." पक्की करायचा शेरा सरांनीच द्यायचा होता. बाबा कामाला होते ती बमरोलीची मिल बंद पडलेली. मी चूप राहिले.

त्या दिवशीही राहिले असते. खरंच. भयंकर भीती वाटत होती. पाण्यात दोन ठिकाणी तार टेकवायची. दोन्हीकडच्या लाटा एकमेकींत मिसळल्या की कुठे पाणी उसळतं, कुठे गप्प पडतं, ते दाखवायचं. पण माझा हातच थरथरत होता. नुसता गोंधळ उठला. पडद्यावर माझा हात केवढा तरी मोठा झालेला, आणि त्याची थरथर सगळ्यांना दिसत होती. मागून कोणीतरी खिदळलं. सर पुन्हा मराठीत म्हणाले, "तुम्हा लोकांना जमतं का हे?"

माझीच भाषा. माझ्या आईची. तिच्यातूनच मला मारत होते, बाकी कुणाला कळू नये म्हणून.

तार खाली ठेवली. दिवे लावले. मी मोठ्याने गुजरातीत म्हणाले, "सर कहे छे, हुं माटलाने अडी एटले माटलुं अभडायुं. हवे फोडवुं पडशे."

अभडाणं म्हणजे बाटणं. तो शब्द मुलांना समजावून सांगावा लागला नाही. कुणी हसलं नाही. सर म्हणाले, "अगं, गंमत केली." तेही मराठीत. मी तेही गुजरातीत सांगितलं.

प्रिन्सिपलांनी बोलावलं. गैरसमज झाला असं लिहून द्या, म्हणाले. मी म्हटलं, मराठी मला नीट कळते. लिहून दिलं नाही. नोकरी पक्की झाली नाही. आई कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही.

मी धीट झाले असं कुणी समजू नये. अजूनही असा कोणी हसत जवळ आला की मी आधी एक पाऊल मागे सरकते. येऊ दे. कानात सांगितलेलं मी कानात ठेवणार नाही. हॉलभर सांगणार, त्या हॉलला कळेल त्या भाषेत.