गावाचं एकच मीटर

आमच्या गावात डोळे मिटून विश्वास ठेवावा असा एकच माणूस होता, आणि पहिल्याच भेटीत मी त्याला दाराआडून सांगितलं की घरात कोणी नाही. खिडकीतून पाहिलं तेव्हा एक उंच, वाळकासा माणूस आमच्या मीटरसमोर वाकून आकडे वाचत होता. मीटर पाहायला येणाऱ्यांचं आणि माझं कधी जमलेलं नाही. "घरात कोणी नाही!" मी आतून ओरडलो. बाहेरून शांत आवाज आला, "बरं. मंग बोलून कोण राह्यलं?"

हे आमचे कंट्रोलरकाका, मागच्या गल्लीतले. आर्णीच्या स्टँडवर गाड्यांचे कंट्रोलर म्हणून त्यांनी आयुष्य काढलं. गाडीला उशीर झाला की जगातला कुठलाही कंट्रोलर "निघालीच आहे" म्हणतो. काका माइकवर सांगत, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. केळापूरची गाडी आलेली नाही, आणि येईल असं मले वाटतही नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी दुसरं काही पाहावं." निम्मे प्रवासी तिथूनच जीपकडे वळत. जीपवाले दर दिवाळीला त्यांच्या घरी फराळ पाठवत आणि काका तो दर दिवाळीला परत पाठवत. एकदा वरिष्ठ त्यांना म्हणाले, लोकांना थोडा धीर द्यावा. काका म्हणाले, "धीर देतो ना साहेब, पण गाडी द्या अगोदर."

निवृत्त झाल्यावर गाड्या सुटल्या, नोंदवही सुटली नाही. आता ते लाईनीची, म्हणजे विजेची, ये-जा आणि शेजारपाजारच्या मीटरचे आकडे लिहीत. 'प्रस्थान एक वाजून दहा. आगमन चार पंचवीस. कारण: विचारले, सांगितले नाही.' आम्ही हसायचो. मग एका मे महिन्यात भर दुपारी लाईन गेली म्हणून गप्पा मारायला मी त्यांच्याकडे गेलो आणि माझं हसू उंबऱ्यावरच राहिलं. खिडकीशी काकू बसल्या होत्या, नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनची मशीन. फुप्फुसं थकलेली, दिवसाचे बहुतेक तास त्या मशीनवर. लाईन गेली की मशीन इन्व्हर्टरवर, इन्व्हर्टर दमला की कोपऱ्यातला सिलिंडर, आणि सिलिंडरही संपत आला की ऑटो करून सरकारी दवाखाना. काका घड्याळ हातात धरून बसले होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बसा. जय भीम. अजून अर्धा तास हाये आपल्यापाशी." काकू नळीआडून हसल्या, "पाव्हण्याले चहा तं इचारा. माह्या श्वासाचाच हिशेब करता दिवसभर."

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यात ती कल्पना शिरली. एकेकट्या घराची तक्रार कोणी ऐकत नाही, तेव्हा अख्ख्या गावानं मिळून एकच गिऱ्हाईक व्हावं. नगर परिषदेनं सगळ्यांसाठी ठोकात वीज विकत घ्यावी, घराघराला वाटावी, आणि कंपनीशी बोलायला गावाचं एकच तोंड असावं. "यवतमाळले जायचं असलं तं तुम्ही एकल्यासाठी जीप करता का? बसमंदी बसता ना? मंग लाईनीची बस कायले नाही?" हे ते प्रत्येक दारात सांगत. वणीहून कोळशाचे ट्रक निघालेले त्यांना ऐकू येत असावेत, कारण मधूनच म्हणत, "कोळसा आपल्या जिल्ह्याचा, अंधारही आपल्याच जिल्ह्याचा. मधला उजेड कुठी उतरते, तेवढं समजून राह्यलं नाही."

त्यांची पत्रकं माझ्या झेरॉक्सच्या दुकानात निघत, म्हणजे निघायला सुरुवात होई. पानभर मजकूर मशीनमध्ये गेला की नेमकी लाईन जायची आणि पत्रक अर्ध्यावर काळं होऊन अडकायचं. काका तेही वाटत. "वरचं अर्धं वाचा," म्हणत, "खालचं अर्धं काहून नाही, ते तुमाले समजलंच असन."

लोक वाचत, मान हलवत आणि आपापल्या मीटरकडे प्रेमानं बघत. चक्कीवाल्यानं तर त्यांना भर रस्त्यात अडवलं. "काका, बसतो मी तुमच्या बसमंदी. पण खिडकीपाशी एसीवाला डॉक्टर बसन आन् मले टपावर चढवान!" काकांनी त्यावर दोन दिवस विचार केला आणि पुन्हा चक्कीवर गेले. "मुद्दा बरोबर हाये तुमचा. जो जेवढी वापरन तेवढं त्याचं टिकीट. ठरावात लिहून टाकलं." चक्कीवाला म्हणाला, "तरी माहं मीटर माहंच बरं, काका." वाद जिंकूनही माणूस कसा हरतो, ते मी त्या दिवशी पिठाच्या धुळीत उभं राहून पाहिलं.

शेवटी नगरसेवक कबूल झाले. आपल्या वॉर्डानं हात वर करून होकार दिला, तर ठराव नगर परिषदेत मांडतो म्हणाले. रविवारी सकाळी विहाराच्या सभागृहात सभा ठरली. लोक बऱ्यापैकी आले, बायकांच्या रांगेत माझी बायकोही होती. काकांनी बसची गोष्ट सांगितली, टिकिटाची सांगितली, काही माना हलल्याही. मला वाटलं, आता एक शेवटचा धक्का दिला की काम झालं. आपणच तो द्यावा. मी उभा राहिलो आणि मोठ्यानं विचारलं, "काका, म्हणजे मग लाईन जाणं बंद होईल ना?"

त्यांनी फक्त हो म्हणायचं होतं. ज्यांच्या घरात नळीला श्वास बांधलेला होता, त्यांना तेवढं खोटं माफ होतं. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नाही," ते म्हणाले. "तारा त्याच राहतीन, खांब तेच राहतीन. भाव कमी होईन बहुतेक. लाईन जाईनच. पण इचारायले आपल्यापाशी तोंड राहीन. सुधारणा कधी होईन, मले सांगता येत नाही. माह्या घरी होईन तोवर कोणी असन का, तेही सांगता येत नाही."

"मंग कायले?" मागून कोणीतरी म्हणालं. खुर्च्या सरकल्या. चक्कीवाला सगळ्यात आधी उठला. घाईघाईत नगरसेवकांनी हात वर करायला सांगितलं. लाजेनं माझी मान खाली गेलेली, मला फक्त त्यांचा आवाज ऐकू आला, "दोन." इतकंच.

पावसाळ्याच्या तोंडावर नागपूरहून काकांचा मुलगा गाडी घेऊन आला आणि दोघांना घेऊन गेला. तिथे लाईन जात नाही म्हणतात. मशीन मागच्या सीटवर काकूंच्या मांडीला टेकवून ठेवली होती. काका माझ्यावर रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. "प्रश्न चांगला होता तुमचा," म्हणाले, "तोच इचारायचा होता." मागच्या गल्लीत आता दुपारी लाईन जाते तेव्हा ती कोणी लिहून ठेवत नाही. गेली की गेली, आली की आली.

परवा जेवताना मी बायकोला म्हणालो, त्या दिवशी मी तोंड उघडायला नको होतं, माझ्या प्रश्नानं सगळं बुडालं. तिनं माझ्या ताटात भाकर वाढली.

"प्रश्नाचं जाऊ द्या," ती म्हणाली. "हात दोनच वर होते. एक काकायचा होता, एक माहा. तुमचा कुठी होता?"