दह्याचं जाकीट

दिल्लीच्या थंडीत दही लागत नाही. पुण्याहून आलेल्या माणसाला हे आधी कोणी सांगत नाही, विरजणच सांगतं. आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आलो त्या हिवाळ्यात मी पातेलं शालीत गुंडाळून पाहिलं, बंद ओव्हनमध्ये ठेवून पाहिलं, शेवटी नवऱ्याच्या मफलरचाही बळी दिला. सकाळी झाकण काढलं की आत दूधच, तेही रुसल्यासारखं.

उपाय आमच्या खालच्याच मजल्यावर होता. तिथल्या ताई मूळच्या साताऱ्याच्या, एके काळी शाळेत विज्ञान शिकवायच्या. यजमानांच्या बदल्यांपायी नोकरी सुटली, शिवणयंत्र तेवढं गावोगाव बरोबर फिरलं. त्यांनी दह्याच्या भांड्यासाठी एक जाकीट शिवलं होतं. पोटाभोवती कप्पे, कप्प्यांत तव्यावर गरम केलेल्या गव्हाच्या पुरचुंड्या, आणि वाफेचं पाणी दह्यात पडू नये म्हणून झाकणाखाली सुती पट्टी. मी गुरुग्रामला सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करते, त्यामुळे काहीही दिसलं की ते उलटं करून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. पुरचुंडी तळाशी का नाही, असं मी विचारलं. तळ तापला की खालचं आंबतं आणि वरचं कच्चं राहतं, असं त्या म्हणाल्या. हे कळायला त्यांना दोन हिवाळे आणि बरंच दूध लागलं होतं.

त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी हीच जाकिटं वाण म्हणून दिली. प्लास्टिकचे डबे आणि चहाच्या गाळण्या यांच्यापुढे हे वाण भलतंच भाव खाऊन गेलं. बायकांनी आपापल्या बहिणींसाठी मागणी केली. मग ताईंनी जवळच्याच मुनिरकातल्या दोघी शिवणकाम करणाऱ्या बायका हाताशी घेतल्या, त्यांच्यातल्या एकीच्या मुलीने ऑनलाइन विक्रीचं पान काढून दिलं. त्या मुलीला विरजण हा शब्द ठाऊक नव्हता, तिने सगळीकडे ‘जामन’ हा हिंदीतला शब्द लिहिला आणि त्यामुळे गिऱ्हाईक दिल्लीभरातून आलं. ताई एकदा मला म्हणाल्या, “कोणी विचारलं ना, आप क्या करती हैं, तर आता सांगायला काहीतरी आहे.” इतकी वर्षं त्या ‘हाउसवाइफ’ एवढंच सांगत होत्या. ते सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

पुढच्या पावसाळ्यात नोएडाच्या एका कंपनीची नोटीस आली. असं जाकीट हा आमचा शोध आहे, पेटंटसाठी आमचा अर्ज दाखल आहे, तुम्ही नक्कल विकणं थांबवा. सोबत त्यांच्या मालाचा फोटो होता. कप्पे तेच, पट्टी तीच. शिलाई कोपऱ्यात दुमडायची ताईंची एक खोड होती, तीसुद्धा तशीच उतरवली होती. ताईंनी मुनिरकातल्या दोघींना काम थांबवायला सांगितलं आणि यंत्रावर झाकण घातलं.

कसं झालं हे शोधावं लागलंच नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी स्वतःच रडत खाली आल्या. त्यांचा दीर त्या कंपनीत होता. घरी आला असताना त्यांनी कौतुकाने वाण दाखवलं, त्याला आवडलं म्हणून देऊनही टाकलं. मला इतका संताप आला की मी त्यांच्या तोंडावर चोर म्हणाले. वहिनींनी मला उलट विचारलं, की मला मिळालेली वस्तू मी घरच्या माणसाला दिली, यात चोरी कुठली? माझा राग आणखीच वाढला, आणि मी त्यांच्याशी बोलणंच सोडलं.

पण तो प्रश्न मला सोडेना. गुरुग्रामच्या मेट्रोत उभी राहून मी त्याचाच विचार करत असे. चोरी म्हणजे वस्तू जागेवर नसणं, एवढंच मला माहीत होतं. इथे तर सगळी जाकिटं आपापल्या स्वयंपाकघरात होती. ताईंचं जाकीट ताईंकडे होतं. तरी त्यांचं काहीतरी गेलं होतं, आणि ते काय, याला मला शब्द सापडत नव्हता.

तो विचारायला आम्ही कस्तुरबा गांधी मार्गाजवळ एका वकीलबाईंकडे गेलो. बाई पंजाबी, चटपटीत, घरी जामन लावणाऱ्या, त्यामुळे जाकीट त्यांना झटकन कळलं. कंपनीचा अर्ज संक्रांतीनंतर लगेचचा, ताईंची विक्री सुरू होण्याआधीचा होता, म्हणून त्यांनी पहिलंच विचारलं, की त्या अर्जाआधी हे कोणाला दाखवलं होतं का? ताई चटकन नाही म्हणाल्या. मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, की आधी उघड केलं तर पेटंट मिळत नाही, आणि अजूनही आपल्याला मिळेल अशी आशा त्या धरून होत्या. मीच मग हळदीकुंकू म्हणजे काय ते सांगितलं. वाण म्हणजे काय हे सांगताना माझी हिंदी पार लंगडी पडली.

वकीलबाईंना मात्र ते फार आवडलं. त्या खुर्चीत पुढे सरकल्या. हा घरगुती कार्यक्रम की सार्वजनिक? ओळख नसलेली बाई येऊ शकते? मी म्हटलं, येते, आणि तिलाही वाण मिळतं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ताईंना विचारलं, “आपने उनसे कहा था, किसी को बताना मत?”

सगळं या एका उत्तरावर अडलं होतं. गुपित राखायच्या बोलीवर दिलं असेल, तर ते उघड झालं असं होत नाही. मग कंपनीने ते चोरलं म्हणून भांडता येईल आणि ताईंनाही स्वतःचा हक्क मागता येईल. तसं सांगितलं नसेल, तर ते त्याच दिवशी जगाचं झालं. पेटंट कंपनीलाही नाही आणि ताईंनाही नाही. मला आत कुठेतरी वाटलं, की ताईंनी हो म्हणावं. कोण विचारायला येणार होतं? फार तर वरच्या वहिनी खोट्या पडल्या असत्या.

ताई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, “अगं, वाण देताना असं कोण सांगतं? तिला सांग, दिलं म्हणजे दिलं.”

मी सांगितलं. माझा आवाज जरा चिडकाच निघाला.

मग कंपनीच्या अर्जाला हरकत घेतली. हे आधीपासून लोकांत होतं याचा पुरावा म्हणून हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी प्रतिज्ञापत्रं केली. आम्हाला हे मिळालं, आम्ही ते वापरलं, कोणापासून लपवलं नाही, एवढंच त्यात होतं. वरच्या वहिनींची सही सगळ्यांत आधी झाली. दिराला काय म्हणायचं ते म्हणू दे, असं त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्याशी पुन्हा बोलू लागले. कंपनीचा अर्ज फेटाळला गेला.

मी पेढे घेऊन खाली गेले. ताई निकाल वाचत होत्या. त्यात त्यांचा उल्लेख जागोजागी ‘हरकत घेणारी’ असा होता. शोध लावणारी असं कुठेच नव्हतं; तो प्रश्न कोणी विचारलेलाच नव्हता. कंपनीचं जाकीट आजही बाजारात मिळतं, इतरांचीही मिळतात, आणि ताईंनाही कोणी अडवत नाही. कायद्याने हे बरोबर आहे. मला ते नीट समजतं, आणि तरी फार वाईट वाटतं.

परवा सहज त्यांच्याकडे डोकावले. यंत्राशी बसून त्या काहीतरी नवंच शिवत होत्या, जाड, गोल, मधे भोक असलेलं. मी सवयीने पुढे झाले आणि हे काय म्हणून विचारलं. ताईंनी हसत त्याच्यावर ओढणी टाकली.

“काही नाही गं,” त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.