मिरच्यांचा ठसका

आज शेजारणीनं नातवाची नजर उतरवली. जळक्या मिरच्यांच्या वासानं माझ्या मुलीचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष आठवलं.

तिनं काढलेलं यंत्राचं चित्र सरांनी वर्गाला दाखवलं होतं. पुढच्याच असाइनमेंटमध्ये ती नापास झाली. "मैं कॉलेज छोड़ दूँगी, आई," असं कॉलेजात सवय लागलेल्या हिंदीतच म्हणून रडत बसली.

"हात तोच, डोकं तेच. मग असं काहून?"

"वो बनाना था, ये अंग्रेज़ी में समझाना था. तुम नहीं समझोगी."

नाहीच समजलं. मी तिच्यावरून मिरच्या-मोहरी ओवाळून निखाऱ्यावर टाकली. नजर असली की ठसका लागत नाही म्हणतात. आम्ही दोघी खोकून बेजार झालो.

"देखा, नज़र नहीं है!" ती डोळे पुसत हसली.

मला हसू आलं नाही. नजर असती तर ती तेवढी मला उतरवता आली असती.