मास्टरांना डिस्कशन हवं होतं

आमच्या नाटक कंपनीच्या शिंप्याला सगळे मास्टर म्हणत. राजाचा अंगरखा असो की भिकाऱ्याची लक्तरं, तोंडात टाचण्या धरून ते अशी अंगावर बेतायचे की आम्हा नटांना अर्धी भूमिका तिथेच सापडायची. असा गुणी माणूस उतारवयात एका औषधवाल्यावर जळू लागला!

इंग्रजी बोलणाऱ्या सुनेशी चार शब्द बोलता यावेत म्हणून मास्टरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला जात. तिथे सरावासाठी जोड्या लावत. वहिनींच्या वाट्याला आला कोपऱ्यावरचा औषधवाला. विधुर, त्यात झोकात भांग पाडणारा!

"आज आमचं डिस्कशन झालं," वहिनी सांगत. "एखादी गोष्ट दोघांनी मिळून सगळ्या बाजूंनी बघायची."

"मग आपलं काय होतं?" मास्टर विचारत.

"आर्ग्युमेंट. तुम्ही चिडता, मी भांडी आपटते."

एक दिवस मास्टरांनी मला ओढत वर्गाच्या खिडकीशी नेलं. आत वहिनी आणि औषधवाला हातवारे करून तंडत होते.

"फाटलं एकदाचं!" मास्टर खूश.

पण ती डिबेट होती. बाजू शिकवणाऱ्या बाईंनीच वाटून दिलेल्या. वर्ग सुटला तशी दोघं हसत बाहेर आली. मला नवल वाटलं नाही. रंगमंचावर एकमेकांचे गळे धरून आम्ही विंगेत एकाच कपातला चहा प्यायलोय. मास्टर मात्र काळेठिक्कर पडले.

"माझ्याशी भांडलीस की अबोला, आणि त्याच्याशी भांडून हसतेस? असं काय आहे त्याच्यात?"

"तो विचारतो, तुम्हाला काय वाटतं म्हणून. तुम्ही ठरवून येता. कंपनीच्या दौऱ्याचं मला शेजारणीकडून कळलं! आधी विचारण्याला कन्सल्ट करणं म्हणतात."

मास्टर नरमले. "बरं, विचारतो. जाऊ दौऱ्यावर?"

"नुसतं विचारताय, की ऐकणारही आहात?"

"...ऐकेन."

"मग नका जाऊ."

त्यांनी केविलवाणं माझ्याकडे पाहिलं. कपड्यांच्या पेट्या भरून तयार होत्या. मी म्हटलं, "मालकांना मी सांगतो, मास्टर."

"मग मीही वर्गाला येतो," मास्टर लगेच म्हणाले. "तुझी जोडी मी होऊ?"

"हे विचारलंत ना? मग नाही."

दौऱ्यात माझे अंगरखे खांद्यांत आखडत राहिले. परतल्यावर मी सहज वर्गात डोकावलो. पुढच्या बाकावर वहिनी आणि औषधवाला; मास्टर मागच्या बाकावर एका लठ्ठ पोस्टमनशी डिस्कशन करत होते. तोंड पोस्टमनकडे, कान पुढच्या बाकाकडे.