मिठाच्या रानातला चर

काठ ढासळला तेव्हा मी हातात खोरं घेऊन उसाच्या लावणीच्या सरीत उभी होते. आवाज फार मोठा झाला नाही. गाडीवरून ओलं पोतं खाली टाकावं तसा एकदाच झाला. वळून पाहिलं तर चराचा आमच्या बाजूचा काठ जागेवर नव्हता. त्याच्यावर रचलेला मातीचा ढीगही नव्हता. धावत गेले. खाली माझा धाकटा दीर छातीपर्यंत मातीत उभा होता, दोन्ही हात वर, तोंडावर चिखल. माझे मालक कुठं दिसत नव्हते.

मी खाली उतरले आणि दिराच्या काखेत हात घालून त्याला ओढायला लागले. तो मला ढकलून म्हणाला, "वैनी, मला ऱ्हाऊ द्या. दादा माज्या पायाशी हाय. आदी पानी मोडा."

पाणी चालूच होतं. लावणीच्या सऱ्या भरून ते बांधाकडं आलं होतं आणि बांधातून पाझरून चरात पडत होतं. ते पाणी मी सोडलं होतं.

हे नव्वद सालानंतरचं आहे. नेमकं साल मी सांगत नाही, माझ्या लक्षात माघ महिना तेवढा आहे. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. जे घडलं ते घडलं त्या क्रमानं लिहिते.

आमचं रान आष्ट्यापासून दीड कोसावर. मी लग्न होऊन आले तेव्हा ते शाळवाचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, रान होतं. काळी माती, भादव्याच्या पावसावर पेरलं की माघात कणसं डोक्याच्या वर. कडेनं करडई, मधे हरभरा. वर्षाची भाकरी त्यात निघायची, जनावरांना कडबा मिळायचा, पाखरांनी खायचं ते खाऊन जायचं. विहिरीला पाणी गोड होतं. श्रीमंती नव्हती, हेही सांगते. अंगावरच्या दोन लुगड्यांत वर्ष काढलेलं आहे.

मग नदीवरून पाइपलाइन आली आणि ऊस आला. ऊस आला तेव्हा घरात सगळ्यांत जास्त मी खूश झाले. खोटं कशाला सांगू. पोराला शाळेत घातलं, पत्रा जाऊन स्लॅब झाला. पाणी पाळीनं मिळायचं. तीन आठवड्यांनी आपली पाळी, तेव्हा दिवसभर पाणी आपलं. ज्याची पाळी चुकली त्याची पुन्हा तीन आठवडे वाट. त्यामुळं रान ओलं असो, कोरडं असो, पाऊस नुकता पडून गेलेला असो, पाळी आली की पाणी घ्यायचंच. तुडुंब भरायचं. आमच्याकडं पाणी पाजायला मीच जायची. खोऱ्यानं एक सरी भरली की तिचं तोंड बंद करायचं आणि पुढचीचं उघडायचं, याला आम्ही दारं धरणं म्हणतो. सव्वीस वर्षांत मी एक पाळी चुकू दिली नाही. सासू मेली त्या दिवशीही स्मशानातून आलेली माणसं घरात बसली होती आणि मी दारं धरत होते. गावात त्याचं कौतुक व्हायचं.

रान बिघडलं ते हळूहळू. आधी खालच्या खोलगट पट्टीत सकाळच्या उन्हात पांढरं दिसायला लागलं. कढईत मिठाचं पाणी आटून चिकटावं तसं. तिथला ऊस पिवळा पडला, मग गुडघ्याएवढाच राहिला, मग उगवेनासा झाला. नांगराच्या मागं बगळे यायचे ते यायचे बंद झाले, कारण मातीत गांडूळ राहिलं नव्हतं. विहिरीचं पाणी मचूळ झालं, घरात चहा फाटायला लागला. विहिरीवरचा लिंब वाळला. मालकांनी जास्त खत घातलं, मी जास्त पाणी पाजलं. मीठ धुऊन जाईल असं मला वाटायचं. पाणी जायला वाटच नव्हती, ते खाली साठत होतं आणि मीठ वर आणत होतं. हे मला फार उशिरा कळलं.

पाऊसही तोवर पहिल्यासारखा राहिला नव्हता. आठ-आठ दिवस झिमझिम लागायची ती गेली. महिना कोरडा जायचा आणि मग एका दुपारी सगळा पडायचा. त्यामुळं पाळीवरचा माझा जीव आणखीच वाढला.

पोरगा सरळ म्हणाला, या रानात मी राबणार नाही. कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर लागला आणि तिकडंच खोली घेऊन राहिला. मी त्याला अडवलं नाही.

त्याच सुमाराला धाकटा दीर पलटणीतून पेन्शन घेऊन आला. त्याची वाटणी आमच्या रानाला लागून, आमचं रान आणि ओढा यांच्या मधे. ती जरा उंच, तिथं हळद चांगली यायची. त्यानं आमची पट्टी पाहिली, ढेकूळ उचलून जिभेला लावलं आणि थुंकला. पंजाबात असताना त्यानं अशी रानं पाहिली होती. तिकडं खोल चर खणून खालचं पाणी काढून देतात, मग पावसानं मीठ धुपतं, दोन-तीन वर्षांत माती परत येते, असं त्यानं सांगितलं. आमच्या पट्टीतून ओढ्यापर्यंत चर न्यायचा तर तो आमच्या बांधाच्या कडेनं त्याच्याच हळदीच्या रानातून जाणार होता. ती जागा तो सोडायला तयार होता. वाटणीत एका लिंबोणीच्या झाडावरून या दोघांचं वर्षभर बोलणं बंद होतं, त्यामुळं मला हे नवल वाटलं.

त्याच्या अटी होत्या. चर झाल्यावर खालच्या पट्टीत ऊस नको, शाळू आणि हरभराच. चराच्या दोन्ही अंगांना गवत राहू द्यायचं, ते पेटवायचं नाही. आणि चर खणून होईपर्यंत त्या बाजूला पाण्याचा थेंब द्यायचा नाही. मालक सगळ्याला हो म्हणाले. मला त्यातलं एकही पटलं नव्हतं. खालची पट्टी गेली ती गेली, पण तिच्या वरच्या अंगाला आम्ही नुकतीच उसाची लावण केली होती, ती तरी जगवावी असं माझं म्हणणं. कांड्यांचे डोळे फुटत होते. चार-पाच ठिकाणी हिरवे कोंब वर आलेले मी मोजून ठेवले होते.

दोघं भाऊ रोज सकाळी टिकाव, खोरी, पाट्या घेऊन जायचे. चर पुरुषभर खोल गेला, वर आणखी हातभर. काम करताना त्यांची थट्टा चालायची. दीर सांगायचा, दादा, माती काठावर टाकू नगंस, लांब टाक, सहा फूट. एका बाजूला त्याची हळद उभी होती, पाला वाळलेला, काढणीला पंधरा दिवस राहिलेले. दुसऱ्या बाजूला आमचा बांध आणि त्यापलीकडं लावण.

त्या दिवशी सकाळी मी भाकरी घेऊन गेले तेव्हा ऐकलं.

मालक म्हणाले, "मिल्ट्रीत माती बी फूटपट्टी लावून टाकत हुता व्हय रं? तिकडं टाकली तर हळद गाडंल तुजी."

"गाडू दे की. माजी हळद हाय, माजी मी बगतो."

"वरीसभर राबलाईस गड्या तिच्यापायी. टाकतो हिकडंच, बांधावर."

आमच्या बांधावर ढीग वाढत गेला. काठालाच. भावाची हळद वाचावी म्हणून. लांब टाकायची तर लावणीवर पडली असती, आणि तिथं माती टाकू नका असं मी आदल्या दिवशीच बजावलं होतं.

दुपारी पाटकरी आला. पाण्याच्या पाळ्या सांगत फिरायचं त्याचं काम. मोटार बिघडल्यामुळं पाळी आठवडाभर लांबली होती. तो सायकलवरून न उतरता म्हणाला, "आवं काकू, तुमचं पानी सुटलंया. घेनार न्हाईसा तर फुडं लावतो."

मी म्हणाले, "घेतो की. आमी कवा सोडलंय?"

दोघं चरात होते, त्यांना तिथून काही ऐकू येत नव्हतं. मी त्यांना सांगायला गेले नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. वरच्या चारच सऱ्या भरायच्या, बांधापर्यंत पाणी येऊच द्यायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. चारच्या सहा झाल्या. सहाव्या सरीचा काठ फुटला आणि पाणी बांधाकडं गेलं. बांधाची पट्टी कधी नांगरलेली नव्हती, तिच्यात मनगट जाईल अशा भेगा होत्या. पाणी त्यांत उतरायला लागलं. मला दिसत होतं. वर साचत नाही, खाली मुरतंय, म्हणजे बरंच आहे असं मला वाटलं. काळी माती भिजली की किती जड होते हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि तिच्यावर ढीग होता हेही ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी एकत्र माझ्या डोक्यात आल्या नाहीत.

पलीकडच्या रानातल्या खुरपणाऱ्या बाया धावत आल्या. एकीनं पाणी मोडून दुसरीकडं वळवलं. बाकीच्यांनी आणि मी हातांनी माती उपसली, कारण खाली माणूस असताना टिकाव चालवता येत नाही. नखं निघाली. दीर कमरेपर्यंत मोकळा झाला, पण वर यायला तयार नव्हता. तो वाकून आपल्याच पायाशी उकरत होता. गावातून माणसं आली तोवर उन्हं कलली होती. मालक पाटी भरायला वाकले होते, तसेच सापडले. पाटी हातात होती.

दिराचा डावा पाय दोन जागी मोडला होता. सांगलीला त्याला दीड महिना ठेवलं.

दहाव्याला नदीवरून आल्यावर जाऊ, दिराची बायको, सगळ्यांसमोर म्हणाली, "पान्याची पाळी तेवडी चुकू दिली न्हाई बगा." कुणी तिला गप्प केलं नाही. खरं होतं.

पुढं गावातली माणसं म्हणाली, चर बुजवून टाका. अर्धा खणलेला, माणूस घेतलेला, कशाला ठेवता. माझंही मत तेच होतं. दीर काठी टेकत आला, माझ्यासमोर ओट्यावर बसला. मला वाटलं आता हा मला बोल लावणार. तो म्हणाला, "वैनी, त्यानं माजा घोटा धरला हुता. लय घट्ट. मग सोडला." एवढंच. मग काठी बाजूला ठेवून म्हणाला, वैशाखात गडी लावून चर पुरा करतो, तुमी न्हाई म्हनू नका. मी नाही म्हटलं नाही.

या वेळी दोन्ही काठांना उतार दिला आणि माती सहा फुटांच्याही पलीकडं टाकली. हळद निघाली होती, गाडायला काही नव्हतं. ओढ्याला चर मिळाला त्या दिवशी त्यातून लालसर पाणी वाहायला लागलं. मी बोट बुडवून चाखलं. खारट होतं. चांगलं झालं असंही लगेच म्हणवत नाही, कारण पहिल्या वर्षी ओढ्याच्या खालच्या डोहात मासे मेले आणि तिथला शेतकरी घरी येऊन शिव्या देऊन गेला. त्याचंही चुकलं नव्हतं.

पावसानंतर आम्ही ताग पेरला आणि फुलावर आला की खत म्हणून रानातच गाडला. दुसऱ्या वर्षीही तेच. चराच्या काठांना गवत वाढलं. टिटवीनं तिथं अंडी घातली, मुंगसं दिसायला लागली, ओढ्याला पाणकणीस आलं. तिसऱ्या वर्षी खालच्या पट्टीच्या अर्ध्या भागात शाळू उगवला. नांगरामागं बगळे आले. उरलेला अर्धा भाग अजून पांढरा आहे, तिथं वेडी बाभूळ माजली आहे. शाळू आला म्हणून घर त्यावर चाललं नाही. ऊस कमी केला तशी मिळकत कमी झाली, पोरगा कुपवाडातून पाठवायचा त्यावर चाललं. एका वर्षी तर दिवाळीच्या तोंडावर एकाच दिवशी एवढा पाऊस झाला की चर भरून वाहिला आणि हातभर वाढलेला शाळू झोपला. माती परत आणली तरी आभाळाचा भरवसा परत आणता येत नाही, हे मला त्या वर्षी कळलं.

चर पुरा झाल्यानंतरची पहिली पाळी मी सोडून दिली. पाटकरी सायकलवरून उतरला आणि पुन्हा विचारलं. मी म्हणाले, पुढं लाव. तो गेल्यावर हातांना काही कामच राहिलं नाही. दिवसभर बांधावर बसून राहिले आणि शेजारच्या रानातून पाणी वाहताना ऐकत होते.

माझ्यावर कुणी केस केली नाही, दिरानं कधी शब्दानं टोचलं नाही. मला ते टोचणं चाललं असतं. जाऊ मात्र सात वर्षं माझ्या घरचं पाणी प्याली नाही. मग एकदा मला ताप आला तेव्हा पेज घेऊन आली, भांडं ठेवलं आणि म्हणाली, खावा. त्यानंतर येणं-जाणं सुरू झालं. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही.

आता आमच्या भागात पुष्कळांनी चर खणलेत, काहींनी जमिनीखालून पाइप टाकलेत. शिकलेली माणसं येतात, पाणी मोजून द्या म्हणतात, रान विसावा मागतं म्हणतात. बरोबर सांगतात. कुणी विचारलं तर मी आमचा चर दाखवते आणि काठापासून लांब उभं राहायला सांगते.

चरात दोघं उतरले होते. थोरले तिथंच गेले. धाकटा वाचला, अजून आहे, डावा पाय ओढत चालतो. पाणी सोडलं होतं मी, आणि मीही अजून आहे.