घरभर एकच खातं

"अक्का, पोरीचं कायतरी बिनसलंय बघा. ह्यांच्या फोनवर सारखी मूल होत नसल्यावर घ्यायच्या औषधांची जाहिरात येतीया. आन कायबी शोधाया गेलं की खाली इंग्रजीतलं आधीच लिवलेलं दिसतंय. आपल्या घरात इंग्रजी कोण लिवतंय?"

काकू स्वयंपाकघरात आईशी हळू आवाजात बोलत होती. मी रिकाम्या कपबशा घेऊन दाराबाहेरच थांबले.

काही महिने माझी पाळी चुकत होती आणि मी फोनवर त्याबद्दल वाचत होते. पाचगणीच्या शाळेत शिकल्यामुळे शोधायचे ते इंग्रजीत. घरात ते वाचणारं दुसरं कुणी नाही, म्हणून निर्धास्त होते. पण काकांच्या फोनवर जाहिराती मराठीत आल्या, चित्रांसकट.

आमच्या घरातल्या सगळ्या फोनांवर एकच खातं होतं. काका फौजेतून परतले तेव्हा मोबाइलच्या दुकानदाराने ते उघडून दिलं, आणि पुढे घरात आलेल्या प्रत्येक फोनमध्ये तेच घातलं गेलं. त्यात सगळ्या पाहुण्यांचे नंबर होते. नवा फोन घेतला की आत्या, मामा, दूधवाला आपोआप हजर. सोय मोठी होती. पण एकाने शोधलेलंही तसंच सगळ्यांच्या फोनवर पोचत होतं.

रविवारी मी माझ्या फोनमधून ते खातं काढलं आणि शोधलेलं साठवून न ठेवणारं सर्च इंजिन घेतलं. सुरुवातीला जड गेलं. 'जवळच्या स्त्री-डॉक्टर' असं विचारलं तर भलत्याच राज्यातले दवाखाने समोर आले, कारण मी सांगलीत आहे हे त्याला माहीतच नव्हतं. मराठीत विचारलं की थोडंच सापडायचं. कुपवाडला मी ज्या कारखान्याच्या ऑफिसात काम करते, तिथल्या सुट्या भागांसाठी अजूनही जुनंच वापरते. पण नव्यावर काय वाचलं ते कुणाच्या फोनवर उगवत नव्हतं. साधी चप्पल बघितली तरी ती आठवडाभर मागे लागत नव्हती. पुढे सांगली हे नाव मी स्वतः लिहू लागले. त्यामुळेच एक डॉक्टर सापडल्या. कामावरून सुटल्यावर एकटीच गेले, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. फक्त आईला सांगितलं.

मग एके दिवशी जेवताना काका म्हणाले, "काय गं कॉन्व्हेंट, खातं काढून टाकलंस म्हनं? घरच्यांपासनं लपवायसारखं काय हाय?"

"मेढ्याचं स्थळ आलंय," काकू म्हणाली. "आधी वैद्याकडं दाखवून आणू हिला. तवर त्यास्नी कायतरी कारण सांगून थांबवते मी. फोन केला की झालं."

बाबांनी आमटी वाढून घेतली. आईने माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी मी ताट उचलून मोरीकडे जाते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काकूने हात धुऊन फोन उचललाही. मी बसूनच राहिले. आवाज थोडा चढा लागला, पण फाटला नाही.

"काकू, फोन ठेव. काका, माझी पाळी चुकत होती. डॉक्टरांना दाखवलंय, औषध चालू आहे, घाबरण्यासारखं काही नाही. मेढ्याच्या लोकांना काय सांगायचं ते मी सांगेन. आणि ते खातं मी परत घालणार नाही. विचारायचं असेल ते मला विचारा."