आईला घेऊन कोल्हापूरची बिअर चाखायला

"निखिल बनवतो ती बिअर मला एकदा चाखायची आहे," असं आई म्हणाली आणि शनिवारी पहाटेच आम्ही पुणं सोडलं. आई बासष्ट वर्षांची, निवृत्तीनंतर पुण्यात माझ्याकडे राहणारी. कोल्हापुरात जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेली, बिअर कधी ओठाला न लावलेली. माझा धाकटा भाऊ निखिल औषध कंपनीतली नोकरी सोडून तिथल्या एका मायक्रोब्रूअरीत लागला, तेव्हापासून दोन वर्षं ती त्याच्याशी बोललेली नव्हती. आम्ही येतोय हे त्याला कळवायचं नाही, ही तिचीच अट.

महामार्गाचं काम अजून चालू आहे, त्यामुळे सहा तास धरूनच चला. मला बसवत नव्हतं. दोनदा चहाला थांबले, दोन्ही वेळा अर्धा टाकून उठले.

गाडी लॉजवर ठेवून रिक्षा केली (पिणार असाल तर हेच करा). तुलनेसाठी आधी दुसरीकडची बिअर हवी, असं आईचं म्हणणं. पत्ता ऐकून रिक्षावाले काका मागं वळले. "मावशी, तितं बिअर मिळती. जेवायचं असंल तर दुसरं हॉटेल दावतो की."

"तिथंच सोडा," आई म्हणाली.

चार छोट्या ग्लासांचा ट्रे पाचशेच्या आसपास मिळतो. गव्हाची बिअर गढूळ, पिकल्या केळ्याच्या वासाची. काळी जळक्या कॉफीसारखी. बाकीच्या दोन लक्षातही राहिल्या नाहीत. आई प्रत्येक ग्लास आधी हुंगायची, मग एकच घोट. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा चाळिशीतला माणूस ताडकन उठला आणि ग्लास मेन्यूकार्डामागं लपवला.

"बाई, तुम्ही? इथं?"

"बस रे. गरम होईल ते."

बिल देऊन झालं तरी आई उठेना. मी सारखी घड्याळ बघत होते.

निखिलकडे पोचलो तेव्हा चार वाजले होते. काचेपलीकडे टाक्यांपाशी होता. आम्हाला बघून हात पुसत बाहेर आला आणि गुळाची बिअर ओतून आणली. तांबूस रंग, वर जाड फेस. मला ती आधीच्या चारही बिअरपेक्षा जास्त आवडली, पण बोलायची हिंमत झाली नाही.

आईनं हुंगलं, घोट घेतला, पुन्हा हुंगलं. "लोण्याचा वास येतोय."

झालं, मला वाटलं, आता हा निघून जाणार. तो खुर्ची ओढून बसला. "डायअ‍ॅसिटिल, त्याचाच वास. इथं कुणालाच कळलं नव्हतं. वीकेंडच्या गर्दीसाठी टाकी दोन दिवस आधी उपसली."

"यीस्ट ते परत खातं ना?"

"खातं."

"मग थांबायचं की दोन दिवस!"

मग ती त्याच्याबरोबर टाक्या बघायला गेली. काचेतून दोघं दिसत होती, ऐकू काहीच येत नव्हतं. पाऊण तास मी नुसती येरझाऱ्या घालत होते.

पुण्यात परतून आठवडा झाला. तुम्ही गेलात तर मधल्या वारी जा, टाक्यांना उसंत मिळालेली असते. गुळाची बिअर पहिल्या नंबरावर, लोण्यासकट. पण त्या दोन वर्षांचा विषय दोघांनीही काढला नाही, हे मला टोचत होतं. काल शेवटी आईला विचारलंच, "तुम्ही दोघं बोलणार कधी?"

पेपरातून मान वर न करता ती म्हणाली, "बोललो की आम्ही."